तोंडी आकडा मिळणार नाही

बुधवार, १६ जुलै २०२५. सकाळी भुरभुर, नंतर ऊन. टाकीचा व्हॉल्व्ह दुरुस्त झाला. मेथी मिळाली नाही, चवळीवर भागवले. संध्याकाळी खर्डे यांच्याकडे लिफ्ट समितीची पहिली बैठक. लिफ्टबद्दल काही ठरले नाही. लिफ्टचे कागद एकमेकांना कसे पाठवायचे यावर चर्चा झाली. तेही ठरले नाही. चहात आले होते.

त्या दिवशी डायरीत एवढंच लिहिलं. जास्त लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं, आणि पुढे जे घडलं त्याचं मूळ त्याच बैठकीत आहे हे तेव्हा कुणाला कळणार?

खर्डे म्हणजे आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी, अजिनाथराव. सावेडीतली आमची इमारत जुनी, तीन मजली, बिनलिफ्टची. पहिल्या मजल्यावर ते आणि त्यांच्या पत्नी रंगुबाई राहतात, दुसऱ्यावर मी. अजिनाथराव मूळचे कोल्हारचे. प्रवरेकाठची शेती भावांकडे राहिली, कारण यांचं अक्षर चांगलं होतं. इतकं चांगलं, की शाळेत असल्यापासून गावातले म्हातारे त्यांच्याकडून अर्ज लिहून घेत. अक्षराच्याच जोरावर एका तालुक्याच्या कचेरीत त्यांना नकला विभागात नोकरी लागली आणि तिथेच ते निवृत्त झाले.

त्या काळी नक्कल हाताने होई. मग एक जण मूळ कागद मोठ्याने वाची, दुसरा नकलेवरून बोट फिरवी, आणि खाली 'रुजुवात घेतली' असं लिहून सही-शिक्का होई. पुढे झेरॉक्स मशीन आलं. मशीन चुकत नाही असं साहेबांनी सांगितलं. अजिनाथराव मशीनच्या नकलेचीही रुजुवात घेत राहिले. एका फौजदारानं विचारलं, "अहो खर्डे, मशीन काय मनानं लिहिणार आहे का?" हे म्हणाले, "माणूसही मनानं लिहीत नाही साहेब, तरी तपासतोच ना."

त्यांच्या मुलाची, सुनीलची, गोष्ट रंगुबाई येईल त्याला सांगतात. सुनीलला एका मुलाखतीसाठी गुणपत्रिकेची खरी प्रत हवी होती. मूळ गुणपत्रिका कॉलेजात जमा. वडील नकला विभागातले, म्हणून पोरगा निर्धास्त. वडिलांनी झेरॉक्स हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. मूळ कागद समोर नाही, सही होणार नाही. "अहो, तुमच्या समोर अभ्यास केलाय पोरानं, रात रात जागलाय!" रंगुबाई म्हणाल्या. "जागलेला पाहिलाय. गुण पाहिलेले नाहीत." मुलाखत गेली. सुनील आता नाशिकला चांगल्या नोकरीवर आहे. तो म्हणतो, "मी बाबांचा मुलगा आहे हे त्यांना मान्य आहे, कारण माझ्या जन्मदाखल्याची रुजुवात त्यांनी स्वतः घेतलीय."

असा माणूस सेक्रेटरी झाल्यावर सोसायटीचा व्हॉट्सॅप ग्रुप कसा चालणार? अजिनाथरावांनी आपल्या प्रत्येक मेसेजला जावक क्रमांक द्यायला सुरुवात केली. 'जा. क्र. ४ : सर्व सभासदांना गणेशोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा.' कुणी उत्तरादाखल नुसता अंगठा टाकला की त्यांना ते पटत नसे. अंगठा दोन साक्षीदारांसमक्ष घ्यायचा असतो, असं त्यांनी एकदा ग्रुपवर कळवलं होतं. त्यालाही सात अंगठे आले.

लिफ्ट हवी होती ती सगळ्यांनाच, पण अडलं होतं तिसऱ्या मजल्यावरच्या बिस्मिल्लाभाभींचं. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर त्या चाकाच्या खुर्चीत बसल्या आणि रमजान ईदनंतर खाली उतरल्याच नाहीत. डिसेंबरात त्यांची नात सिमरन हिचा निकाह ठरला. त्यांचा मुलगा आसिफ म्हणाला, "अम्मी, काळजी नको. चौघं मिळून खुर्चीसकट उचलून नेऊ."

"चौघांनी उचलून न्यायची वेळ एकदाच येते," भाभी म्हणाल्या. "ती माझी अजून आलेली नाही. लिफ्ट झाली तर येईन, नाही तर इथूनच दुवा करीन."

त्या थट्टेत बोलतात, पण बोललेलं मागे घेत नाहीत, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे लिफ्ट डिसेंबरच्या आत व्हायला हवी होती. पुण्याच्या कंपनीनं सांगितलं, गणपतीपर्यंत मंजूर नकाशा हातात द्या, नोव्हेंबरात माणसं पाठवतो. उशीर झाला तर थेट उन्हाळा.

समितीत चौघं. अजिनाथराव, आसिफ, तो विजेच्या फिटिंगची कामं घेतो, तळमजल्यावरचा पार्थ, जो घरी बसून पुण्याच्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करतो आणि ज्याला लिफ्टची मुळीच गरज नाही, आणि मी. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, तेव्हा कंपनीशी इंग्रजीत बोलावं लागलं तर असावी म्हणून मला घेतलं. कंपनीची सगळी माणसं मराठी निघाली.

पहिल्याच बैठकीत पार्थनं लॅपटॉप उघडला. "मी एक गुगल डॉक केलंय. ग्रुपवर लिंक टाकतो. नकाशा, अटी, सगळं एकाच ठिकाणी. ज्याला बदल करायचा त्यानं तिथेच करायचा."

"ज्याला म्हणजे कोणाला?" अजिनाथरावांनी विचारलं.

"कोणालाही, काका."

"कोणीही येऊन मंजूर कागद बदलू शकतो?"

"हो. आणि कोणी काय बदललं ते दिसतंही."

"चोर दिसतो म्हणून दार उघडं ठेवायचं का?"

पार्थनं त्यांच्या फोनवर लिंक उघडून दिली. अजिनाथराव चष्मा सावरून वाचत होते, तेवढ्यात आसिफनंही आपल्या फोनवर ते उघडलं आणि कागदावर एक रंगीत रेघ सरकू लागली. अजिनाथरावांनी फोन टेबलावर ठेवून दिला. "माझ्या कागदात कोणी तरी फिरतंय."

"तो मी आहे काका," आसिफ म्हणाला.

"मग बाहेर ये आधी."

अजिनाथरावांनी सोसायटीच्या लेटरहेडची फाईल पार्थला दिली. ती कुठल्या तरी टायपिंग सेंटरमध्ये जुन्या फॉन्टमध्ये केलेली. पार्थच्या लॅपटॉपवर तिची सगळी अक्षरं फुटली, नुसते कंस आणि उद्गारचिन्हं.

"काका, हे चिनी दिसतंय."

"मराठीच आहे. तुमचा लॅपटॉप अशिक्षित आहे."

आसिफचं म्हणणं, इतकं डोकं कशाला खायचं, नकाशाचा फोटो काढून पाठवू. त्यानं काढूनही दाखवला. नकाशा त्यात तिरका होता आणि एका कोपऱ्यात आसिफचा अंगठा. बिस्मिल्लाभाभी समितीत नव्हत्या, पण वरून त्यांचा आवाजी मेसेज आला : "बसलात का रे सगळे? लिफ्ट ठरवा, मेहेरबानी करून." समितीनं त्याची दखल घेतली नाही, कारण आवाज फाईलला लावता येत नाही असं सेक्रेटरींचं मत पडलं.

चहाचे कप उचलताना रंगुबाई म्हणाल्या, "लिफ्ट वर जाणार हाय का कागद?"

आणखी दोन बैठकांनंतर तडजोड निघाली. तडजोडीवर दोन्ही बाजू खूश होत्या, तेव्हाच खरं तर मला संशय यायला हवा होता. ठरलं असं की चर्चा पार्थच्या डॉकमध्ये करायची. पण जे पक्कं होईल ते अजिनाथराव छापून घेतील, सही-शिक्का करतील, मोबाईलनं स्कॅन करून त्याची पीडीएफ करतील आणि तीच कंपनीला जाईल. पीडीएफ अजिनाथरावांना आवडली. तिच्यात कोणाला फिरता येत नाही.

कंपनीच्या नकाशात लिफ्टचं दार चोवीस इंचांचं होतं. आसिफनं भाभींची खुर्ची मोजली. ती त्याहून रुंद. दार बत्तीस इंच हवं असं ठरलं आणि पार्थनं डॉकमध्ये तसं लिहिलं. अजिनाथरावांनी मात्र कंपनीचा मूळ नकाशा छापून घेतला, चोवीसवर लाल शाईनं आडवी रेघ मारली आणि वर आपल्या सुंदर अक्षरात बत्तीस लिहिलं. आता, कचेरीचा नियम असा, की खाडाखोड केली तर त्या खाडाखोडीवरच सही आणि शिक्का हवा. नाही तर ती कोणी केली, केव्हा केली, याला पुरावा काय? अजिनाथरावांनी बत्तीसवर सही केली आणि सहीवर सोसायटीचा गोल शिक्का मारला. नवं पॅड होतं, शिक्का ठसठशीत उठला. मग फोननं काळा-पांढरा स्कॅन. पीडीएफ आसिफला गेली, आसिफनं तिचा प्रिंट काढून आपली सही केली आणि फोटो काढून परत पाठवला. त्या फोटोची पुन्हा पीडीएफ. माझीही सही अशीच झाली. 'जा. क्र. १७, सोबत मंजूर नकाशा' म्हणून तो कागद कंपनीला गेला, तोवर त्याच्या इतक्या नकला झाल्या होत्या की मूळ कोणता हे अजिनाथरावांनाच काय ते सांगता आलं असतं. मुदतीच्या आत गेला, याचं मात्र सगळ्यांना समाधान.

आठवड्याभरानं मी गौरीच्या फराळाचं ताट द्यायला खर्ड्यांकडे गेले होते. अजिनाथरावांचा फोन वाजला. त्यांनी नेहमीप्रमाणे स्पीकरवर घेतला, म्हणजे ऐकायला साक्षीदार असतात. पलीकडे कंपनीतली कोणी दिशा नावाची मुलगी.

"सर, नकाशा मिळाला. दाराचा आकडा तेवढा शिक्क्याखाली गेलाय, वाचता येत नाही. किती आहे तो?"

"मंजूर नकाशात आहे तोच."

"हो सर, तोच विचारतेय. नुसतं सांगा, मी लिहून घेते."

"मॅडम, तोंडी आकडा मिळणार नाही. उद्या तुम्ही म्हणाल मी एक सांगितलं, मी म्हणेन दुसरं सांगितलं. लेखी विचारा, लेखी उत्तर देऊ."

ती मुलगी "बरं सर" म्हणाली. फोन ठेवल्यावर अजिनाथराव माझ्याकडे वळले. "बघितलंत ताई? असं असतं. तोंडीवर कामं चालवायची यांना."

"मीठ संपलं तरी आमच्यात लेखीच मागायचं," रंगुबाईंनी ताट रिकामं करत म्हटलं.

दिशानं लेखी विचारलंही. अजिनाथरावांना नाही, नकाशा मेलनं पाठवताना पार्थनं खाली डॉकची लिंकही जोडली होती, तिच्यावर गेली. तिथे दार बत्तीस इंच असं स्वच्छ लिहिलेलं होतं. पण ज्या डॉकमध्ये कोणीही यायचं होतं ते पार्थनं अजिनाथरावांच्या भीतीनं चौघांपुरतं बंद करून टाकलेलं. दिशानं परवानगी मागितली. ती मागणी पार्थच्या मेलवर आली आणि रोजच्या दोनशे मेलखाली गेली. उत्तर आलं नाही, दारं बनवायला घ्यायची वेळ आली, तेव्हा कंपनीनं जे मूळ छापलेलं होतं तेच धरलं.

नोव्हेंबरात माणसं आली. जिन्याच्या बाजूला लोखंडी सांगाडा उभा राहिला. आसिफनं गवंड्याकडून भिंती बत्तीस इंचांच्या हिशेबानं आधीच फोडून घेतल्या होत्या. दारं बसली तेव्हा दोन्ही बाजूंना फट राहिली. फिटर म्हणाले, असते तेवढी, आणि विटा लावून सिमेंट भरून गेले.

चाचणीच्या दिवशी सगळी इमारत तिसऱ्या मजल्यावर जमली. नारळ फुटला. भाभींनी नवी ओढणी घेतली होती. आसिफनं खुर्ची ढकलली. ती दाराला लागली. त्यानं ती मागे घेतली, सरळ केली, पुन्हा ढकलली. पुन्हा लागली. चाकं चौकटीबाहेर, दोन्ही बाजूंना सारखी.

लिफ्टमधल्या बाईच्या आवाजानं दार बंद होत असल्याचं सांगितलं.

"कंपनीनं फसवलं," अजिनाथराव म्हणाले. "मंजूर नकाशा काढा."

पार्थनं फोनवर जा. क्र. १७ काढला. दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला. दाराच्या जागी एक काळा गोल होता, त्यात सोसायटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक अगदी स्पष्ट. बत्तीस कुठेच नव्हतं. पार्थच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. मग त्यानं दिशाचा मेल शोधला, तारीख पाहिली, आणि ते हसू गेलं.

"शिक्का छान उठलाय," भाभी म्हणाल्या. आणि आसिफला म्हणाल्या, "चल, घरात ने मला."

त्यानंतर तीन आठवडे ग्रुपवर एकही जावक क्रमांक आला नाही. पाण्याच्या टँकरचा निरोपही रंगुबाई जिन्यातून ओरडून देत. कंपनी म्हणाली, दारं बदलून देऊ, पण नवा मंजूर नकाशा पाठवा, फेब्रुवारी उजाडेल. निकाह चौदा डिसेंबरला.

मी एका दुपारी भाभींकडे बसले होते तेव्हा अजिनाथराव आले. मागे रंगुबाई. अजिनाथरावांच्या हातात घडी केलेला कागद. त्यांनी तो भाभींपुढे धरला.

"हे काय?"

"दिलगिरीचं पत्र. मूळ प्रत आहे."

"चष्मा नाही जवळ. तुम्हीच वाचा."

अजिनाथरावांनी घसा साफ केला. "विषय : लिफ्टच्या दाराच्या रुंदीबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून..." ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच थांबले. मग कागद खिशात घातला.

"भाभी, चुकलं माझं."

"किती?"

"आठ इंच."

भाभी एवढ्या हसल्या की सिमरन आतून धावत आली. अजिनाथराव उभेच. त्यांचे कान लाल झाले होते.

"आठ इंच तर आठ इंच," रंगुबाई म्हणाल्या. "खुर्ची जात न्हाई, बाई जाती ना? खोलीतून लिफ्टपतूर किती लांब हाय? मी धरते. रोज थोडं थोडं चालायचं. डॉक्टर बी तेच म्हणतोय म्हनं, ह्याच ऐकत न्हाईत."

"दुखतं गं."

"दुखनारच. माझं न्हाई का दुखत, ह्यांच्या संगं चाळीस वरसं झाली."

भाभी वॉकरला सहा महिने हात लावत नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर दोघींची चाल सुरू झाली. एक दारातून शिव्या घालत निघायची, दुसरी त्या ऐकून घेत पुढे ओढायची. अजिनाथराव जिन्यात उभे राहून पाहायचे. त्यांनी एकदाच तोंड उघडलं. लिफ्टच्या दारात तिरकं शिरावं लागेल, उजवा पाय आधी, असं ते म्हणाले. "हे लेखी द्या," भाभी म्हणाल्या. त्यावर ते खाली निघून गेले.

चौदा डिसेंबरला, रविवारी, सकाळी बाहेर रिक्षा आणि गाड्या लागल्या. भाभी हिरव्या रेशमी शालीत उभ्या होत्या, वॉकर धरून, गाल घामानं ओले. सिमरनला आधीच हॉलवर नेलं होतं. आसिफनं शेवटचं विचारलं, "अम्मी, उचलू का?" त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिरक्या झाल्या, उजवा पाय आत टाकला, डावा ओढून घेतला. रंगुबाई त्यांच्यामागून पोटाशी पदर घट्ट धरून शिरल्या. वॉकर आत गेल्यावर आणखी कोणाला जागा नव्हती. दार बंद झालं.

खुर्ची वर राहिली. हॉलवर ती लागणार होती. आसिफ उचलायला वाकला तर अजिनाथरावांनी त्याचा हात बाजूला केला. लिफ्ट परत वर यायची वाट न पाहता खुर्ची मिटून त्यांनी खांद्यावर घेतली आणि जिना उतरायला लागले. वय बहात्तर. प्रत्येक वळणावर टेकायचे, पुन्हा उचलायचे. पार्थ मदतीला आला, त्यालाही हात लावू दिला नाही. आम्ही सगळे त्यांच्यामागून त्यांच्या चालीनं, वरातीसारखे.

खाली भाभी पत्रपेट्यांपाशी उभ्या होत्या. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना तिथे बराच वेळ झाला असावा. पाय थरथरत होते, पण बसायला खुर्चीच नव्हती.

"या, या," त्या अजिनाथरावांना म्हणाल्या. "सावकाश या. निकाह संध्याकाळपर्यंत चालतो."

अजिनाथरावांनी खुर्ची उघडली, बैठक रुमालानं पुसली. भाभी बसल्या आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाल्या, "आता ढकला. इथून पुढे मी चालणार नाही."

गाडीपर्यंत खुर्ची त्यांनीच ढकलली.

हॉलमधून परतताना जिन्यात अजिनाथराव भेटले. दारं बदलायचा नवा नकाशा आला होता. खाडाखोडीवर शिक्का मारायचा नियम आहे तो आहेच, ते म्हणाले, पण या वेळी आकडा अक्षरीही लिहू. पार्थनं त्याकरता नवं डॉक केलंय म्हणे, आणि आसिफनं त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकलाय. बैठक बुधवारी.

रविवार, १४ डिसेंबर २०२५. सिमरनचा निकाह व्यवस्थित पार पडला. बिस्मिल्लाभाभी हजर होत्या. दुपारचे जेवण भरपूर झाल्यामुळे संध्याकाळी स्वयंपाक केला नाही. उद्याच्या इडलीसाठी तांदूळ आणि उडीद डाळ भिजत घातली.